कोल्हापूरहून विजयदुर्ग-सिंधुदुर्ग : तीन दिवसांच्या कोकण सहलीचे परीक्षण

दिवाळीची सुट्टी लागली की गगनबावडा, फोंडा, आंबा आणि आंबोली या मार्गांनी कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रीघ लागते आणि शहरातल्या सहल संस्थांच्या फलकांवर ‘मालवण-तारकर्ली, दोन रात्री तीन दिवस’ ही ओळ ठळक अक्षरांत झळकू लागते. अशाच एका संस्थेच्या सहलीला आम्ही घरची मंडळी यंदा जाऊन आलो. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जाण्याआधी चौकशी केली तेव्हा थोड्याफार फरकाने बहुतेकांचा कार्यक्रम असाच आखलेला दिसला आणि पुढे जे बरेवाईट लिहिले आहे ते कोणा एकापुरते नाही. आधीच सांगून टाकतो : प्रवास, मुक्काम आणि जेवण या तिन्ही बाबतींत या सहलीने आकारलेल्या पैशांचे चीज केले, परंतु विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या दोन किल्ल्यांना तिने दिलेला वेळ आणि पुरवलेली माहिती फारच तोकडी होती, आणि कोल्हापूरच्या माणसासाठी या वाटेवरचा सर्वांत मोलाचा ठेवा किल्ले हाच आहे.

माणशी आकार साडेसात हजारांच्या आसपास होता. त्यात सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, मालवणजवळच्या घरगुती निवासातील दोन मुक्काम, सकाळचा नाश्ता, दोन्ही वेळचे साधे जेवण आणि सिंधुदुर्गाच्या बोटीचे भाडे एवढे धरलेले होते. सुरमई किंवा पापलेट घेतल्यास त्याचा फरक जागेवर द्यायचा, स्कूबा व इतर जलक्रीडांचे पैसे ज्याचे त्याने भरायचे आणि बारा वर्षांखालील मुलांना स्वतंत्र आसन हवे असल्यास पूर्ण आकार, या अटी पावतीच्या मागे स्वच्छ छापलेल्या होत्या व त्या तोंडीही समजावून सांगण्यात आल्या. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली निघायच्या दिवशी, असा व्यवहार होता. शेवटपर्यंत त्यात एका रुपयाचाही घोळ झाला नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण सहलीचा विरस बहुतेक वेळा हिशेबापासूनच सुरू होतो.

गाडी पहाटे निघणार असे सांगितले होते, पण दोन कुटुंबे उशिरा आल्यामुळे रंकाळ्याच्या बाजूने बाहेर पडून फुलेवाडी ओलांडेपर्यंत चांगलेच उजाडले होते. या उशिराचा फटका पुढे विजयदुर्गाला बसला, म्हणून तो येथे लिहून ठेवतो. चालक मात्र अनुभवी आणि संयमी होते. कळे, साळवण करत गगनबावड्यापर्यंतचा रस्ता सरळ असल्याने तिथे कोणीही गाडी पळवतो. कसोटी लागते ती त्यानंतरच्या करूळ घाटात. गाडीतल्या एका आजींनी “मामा, घाटात जरा बेतानं घ्या” असे सांगितले, तेव्हा त्यांनी “आजी, तुमच्या हातातलं पाणी सांडणार न्हाई बघा” असे उत्तर दिले आणि तो शब्द खरोखरच पाळला. वळणावर समोरून येणाऱ्या मालमोटारीला आधी वाट देणे, उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवणे, अंधार पडल्यावर घाट न करणे या गोष्टी त्यांनी कोणी न सांगता केल्या. महिलांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह असलेली ठिकाणे त्यांनी आधीच हेरून ठेवलेली होती व गाडी तिथेच थांबत होती. ज्यांनी वयस्कर आईला घेऊन अशा रस्त्याने प्रवास केला आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

गगनबावड्याला चहासाठी थांबलो, पण या गावाबद्दल गाडीत एक अवाक्षरही निघाले नाही, याची मला खंत वाटली. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. शिवाजी महाराजांपासून ताराबाईंपर्यंतचा काळ पाहिलेले रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्ग आणि आरमार यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत, किल्ला कोठे बांधावा, त्यात पाण्याची सोय कशी असावी, आरमाराची शिस्त कशी राखावी, हे सारे त्यात सांगितले आहे. पुढच्या दोन दिवसांत आपण जे दोन जलदुर्ग पाहणार, त्यांच्यामागचा विचार ज्याने शब्दबद्ध केला त्याच्या घराण्याच्या गावातून गाडी जात असताना पाच मिनिटे ही माहिती दिली असती, तर घाट उतरण्याआधीच मुलांच्या मनात किल्ल्यांविषयी उत्सुकता तयार झाली असती. सहलीबरोबर संस्थेचा व्यवस्थापक होता, ध्वनिक्षेपकही होता. त्यावर वाटभर गाणी लागली होती.

वैभववाडी, तळेरे असे करत विजयदुर्गाला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि दुपारचे जेवण कुणकेश्वरला सांगून ठेवलेले असल्यामुळे किल्ल्यासाठी पाऊण तास मिळेल असे जाहीर झाले. विजयदुर्ग पाऊण तासात पाहणे शक्य नाही. वाघोटन खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या भूशिरावर हा किल्ला उभा आहे आणि त्याची तटबंदी तिहेरी आहे. मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याचा समजला जातो, म्हणजे ज्याने पन्हाळा बांधला तोच राजा. पुढे आदिलशाहीकडून तो शिवाजी महाराजांनी घेतला आणि त्याला आजचे रूप व आजचे नाव मिळाले. तोपर्यंत तो घेरिया म्हणून ओळखला जात असे. प्रवेशाचा मार्ग असा वळवून नेला आहे की बाहेरून येणाऱ्याला दरवाजा दिसतच नाही आणि दिसतो तेव्हा दोन्ही बाजूंचे तट त्याच्या डोक्यावर आलेले असतात. या वळणावर उभे राहून वर पाहिले म्हणजे तोफेच्या किंवा हत्तीच्या बळावर हा दरवाजा का फोडता येत नसे, हे कोणत्याही व्याख्यानाविना समजते. आमच्यातले बहुतेक जण मात्र तिथून घाईघाईने पुढे गेले, कारण घड्याळ पुढे धावत होते.

१७५६ च्या फेब्रुवारीत मराठ्यांचे आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, ॲडमिरल वॉटसनची जहाजे खाडीच्या तोंडाशी आली, जमिनीच्या बाजूने क्लाइव्हचे सैन्य उतरले आणि आंग्र्यांचे आरमार याच बंदरात जळून गेले. हा किल्ला काही महिने इंग्रजांच्या ताब्यात राहिला व त्याच वर्षी बाणकोट किल्ल्याच्या बदल्यात पेशव्यांकडे आला. मराठ्यांच्या इतिहासातली ही अत्यंत दुःखद आणि विचार करायला लावणारी घटना आहे, कारण समुद्रावर इंग्रजांना दीर्घकाळ रोखून धरणारे बळ आपल्याच माणसांच्या संमतीने नष्ट झाले. खूबलढा बुरुजावरून खाडीचे मुख पाहताना हे सांगायला कोणीतरी हवे होते. स्थानिक मार्गदर्शक घेतलाही होता, परंतु त्याला वीस मिनिटांत आटपायला सांगितलेले असल्यामुळे तो बिचारा ठरलेली वाक्ये भराभर म्हणत चालला होता.

त्यातच त्याने ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले आणि १८६८ साली लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच जागेवरून सूर्यग्रहण पाहून हेलियम वायूचा शोध लावला, असे सांगितले. हीच कथा अनेक ठिकाणी छापलेली आढळते आणि १८ ऑगस्टला येथे हेलियम दिनही साजरा होतो, म्हणून वस्तुस्थिती थोडी सविस्तर सांगणे गरजेचे वाटते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन याने ते गुंटूरहून पाहिले, आपल्याला जवळच्या जमखंडीहून हर्शेल याने पाहिले. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्येच होता आणि सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथूनच अभ्यासली. तो विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच्या मदतीला ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी होते आणि त्यांना शिकवून तयार करून त्याने येथे मोठी निरीक्षणे केली. तोपर्यंत रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवरही हेलियम शोधून काढल्याला तीन वर्षे होत आली होती. कट्ट्यांचा संबंध या १८९८ च्या मुक्कामाशी जोडणेच सयुक्तिक आहे. खरी हकीकत सांगितल्याने किल्ल्याचा मान जराही कमी होत नाही. हेलियमचा अभ्यास करणारा जगातला एक अग्रगण्य शास्त्रज्ञ आपली उपकरणे घेऊन मराठ्यांच्या या किल्ल्यावर येऊन राहिला, ही घटना जशी घडली तशीच पुरेशी मोठी आहे. शाळेतली मुले बरोबर असताना चुकीची साल आणि चुकीचा शोध त्यांच्या वहीत उतरू नये, एवढी काळजी संस्थांनी मार्गदर्शक निवडताना घ्यायला हवी.

किल्ल्यालगतच्या समुद्राखाली असलेल्या भिंतीची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेली आहे, आणि खाडीत थोडे आत गेले की आंग्रेकालीन गोदीचे अवशेष दिसतात. गिर्ये येथील रामेश्वराचे मंदिर तर वाटेवरच आहे. यांपैकी काहीही कार्यक्रमात नव्हते.

कुणकेश्वराचे देऊळ आणि त्याला लागून असलेला किनारा सुंदर आहेत, दर्शन शांतपणे झाले, जेवण वेळेवर मिळाले. तिथून देवगड-आचरा मार्गे किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणकडे येणारा रस्ता हा या सहलीतला डोळ्यांना सर्वांत सुखावणारा टप्पा आहे. खाडीवरचे पूल, आंब्याच्या बागांचे चिरेबंदी गडगे आणि मधूनच दिसणारा समुद्र पाहत संध्याकाळपर्यंत आम्ही मुक्कामी पोहोचलो.

मुक्कामाच्या व्यवस्थेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. माडांच्या वाडीत कौलारू घर, त्याच्या मागे नव्याने बांधलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर, स्वच्छ पांघरुणे आणि दिवसभर गरम पाणी एवढी सोय होती. घरच्या काकी स्वतः स्वयंपाक करत होत्या आणि पाने मांडून झाली की “येवा, जेवूक बसा” अशी हाक देत होत्या. जेवणात पहिल्या रात्री बांगड्याचे तिखले होते. आपल्याकडच्या कांदा-लसूण चटणीच्या तिखटाला सरावलेल्या जिभेला हे तिखट वेगळे लागते, कारण ओल्या खोबऱ्याच्या वाटपात तिरफळे ठेचून घातलेली असतात आणि त्यांचा लिंबासारखा, किंचित झोंबरा वास माशाचा उग्रपणा काढून टाकतो. तिरफळ चावायचे नसते, बाजूला काढून ठेवायचे असते, हे काकींनी प्रत्येक मुलाच्या पानाशी येऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी कोंबडी-वडे होते. सोलकढी दोन्ही दिवस ताज्या नारळाच्या दुधाची होती. कोकमाचे बाटलीबंद आगळ पाण्यात मिसळून कढी म्हणून वाढण्याचा प्रकार हल्ली वाढला आहे, तो येथे नव्हता. शाकाहारी मंडळींसाठी चूल आणि भांडी वेगळी होती व काळ्या वाटाण्याचे सांबार, डाळिंबी उसळ, घावन-चटणी असे पदार्थ मनापासून केलेले होते. शाकाहारी माणसाला मालवणात केवळ डाळभातावर समाधान मानावे लागते, हा समज या घरापुरता तरी चुकीचा ठरला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ सिंधुदुर्गाची होती. मालवणच्या जेट्टीवरून बोटी सुटतात, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट दिले जाते आणि ते घातल्याशिवाय बोट हलत नाही; ही शिस्त काटेकोरपणे पाळली गेली. बोटीने किल्ल्यापर्यंत जायला फार वेळ लागत नाही. पलीकडे उतरवल्यावर बोटवाले साधारण तासाभराने परत निघायला सांगतात, कारण त्याच बोटीला पुढची फेरी करायची असते. सहल संस्थेने ही तासाची मर्यादा जशीच्या तशी स्वीकारली आणि माझ्या मते या सहलीतली सर्वांत मोठी उणीव ती हीच.

कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याच्या बांधकामाचा आरंभ झाला. त्याआधीचे पूजन ज्या खडकापाशी झाले तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे, पण तो आम्हाला दाखवण्यात आला नाही. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत काम पुरे झाले. बेटाचा आकार जसा वेडावाकडा आहे तसाच तट फिरवलेला आहे; तो सुमारे तीन किलोमीटर भरतो आणि आतला विस्तार जवळपास अठ्ठेचाळीस एकरांचा आहे. पायाच्या दगडांत शिसे ओतलेले आहे आणि साडेतीनशेहून अधिक पावसाळे खाऊनही समुद्राकडची बाजू उभी आहे. एवढ्या विस्ताराच्या किल्ल्यात तासाभरात दरवाजा, मंदिर आणि एखादी विहीर एवढेच होते. तटावरून फेरी मारायचा विचारही करता येत नाही.

दरवाजाजवळच्या तटावर दोन छोट्या घुमट्या आहेत, त्यांत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे जपलेले आहेत. शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधले. येथली महाराजांची मूर्ती आपण शहरातल्या चौकांत पाहतो तशी नाही. वीरासनात बसलेली, दाढी नसलेली आणि डोक्यावर नाखव्यासारखी टोपी असलेली ही मूर्ती पाहून आमच्या गाडीतली मुले एकदम गप्प झाली व मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. समोरचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेला आहे. हा किल्ला पुढे करवीर राज्याकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, पण दुसऱ्याच वर्षी करवीरच्या जिजाबाई राणीसाहेबांच्या कारभारात तो कोल्हापूरकडे परत आला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. म्हणजे कोल्हापूरहून येथे येणारा माणूस परक्या मुलखातला किल्ला पाहायला आलेला नसतो. तो आपल्याच राज्याचा एकेकाळचा सागरी दरवाजा पाहत असतो. कोल्हापुरातून निघणाऱ्या सहलीत ही गोष्ट सांगितली जाऊ नये, याचे मला अतिशय वाईट वाटले.

मंदिराच्या पुढे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना यांचे पाणी गोडे आहे. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही कुटुंबे आहेत आणि त्यांतल्या एका ताईंकडे कोकम सरबत घेताना मी पाण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी विहिरीचा पोहरा ओढून ओंजळभर पाणी मुलांच्या हातावर ओतले. मुलांनी ते चाखले, मग पुन्हा मागून घेतले आणि त्यांतल्या थोरल्या मुलीने “मग समुद्राचं पाणी आत का येत नाही?” असे विचारले. खडकाच्या पोटात पावसाचे पाणी साठते, गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने वर राहते आणि विहीर बेताची खोल ठेवली व उपसा बेताचा केला तर ते टिकते, असे मी माझ्या परीने सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात व्यवस्थापकाची शिट्टी वाजली. पश्चिमेकडच्या तटातून उतरून जाता येणारी राणीची वेळा, म्हणजे किल्ल्यातला स्वतःचा छोटासा वाळूचा किनारा, आमच्यापैकी कोणीच पाहू शकले नाही. संपूर्ण गाडीचा गट असताना बोटवाल्यांशी आधी बोलून दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीने परतण्याची तजवीज करणे अवघड नव्हते आणि त्यासाठी माणशी थोडे अधिक पैसे मागितले असते, तरी कोणी नाही म्हटले नसते.

दुपारनंतरचा सगळा वेळ तारकर्ली आणि देवबागला दिला होता. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामध्ये देवबागची चिंचोळी पट्टी पसरलेली आहे; नदी जिथे समुद्राला मिळते तिथपर्यंत नावेने जाणे हा निखळ आनंद आहे. जलक्रीडांची ठिकाणे गजबजलेली होती. स्कूबासाठी आमच्यापैकी जे गेले त्यांना साहित्य चांगल्या स्थितीतले मिळाले व प्रत्येकाबरोबर प्रशिक्षित पाणबुड्या होता, याबद्दल समाधान आहे. मात्र पाण्याखाली छायाचित्र चांगले यावे म्हणून पावाचे तुकडे टाकून मासे गोळा करण्याचा आणि प्रवाळ असलेल्या खडकांवर पाय टेकू देण्याचा प्रकार तेथे दिसला, तो बंद व्हायला हवा. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून संरक्षित सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ फार सावकाश वाढते आणि एका टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. पर्यटकाला हे ठाऊक नसते, म्हणून ते सांगण्याची जबाबदारी त्याला घेऊन येणाऱ्यावर येते.

संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. तो पाहण्याची विनंती आम्ही केली आणि व्यवस्थापकाने ती लगेच मान्य केली, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण. वाळूवर मांडलेल्या सुरमईच्या राशी, बोली लावणाऱ्या बायकांचे आवाज आणि बर्फाच्या पेट्या भरून निघणारे टेम्पो पाहिल्यावर रात्रीच्या पानातला मासा कुठून आला हे मुलांना उमगले. रापण ओढताना पाहायला मिळाली तर ती अवश्य पाहावी. गावातली माणसे दोन्ही टोकांना दोर धरून जाळे किनाऱ्यावर ओढून आणतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे घालतात. अशा गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी हा वेळ काजू, कोकम आणि मालवणी खाजा विकणाऱ्या दुकानांमध्ये गेला. खरेदीला माझा विरोध नाही. घरी पाहुण्यांसाठी खाजा आणि आगळ न्यायलाच हवे. परंतु एकाच प्रकारच्या तीन दुकानांसमोर गाडी थांबली आणि त्यांत घालवलेला वेळ विजयदुर्गाला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त भरला, हे प्रमाण कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. परतीचा मार्ग कणकवलीवरून फोंडा घाटाचा होता. दाजीपूर-राधानगरीचे हे रान २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्याच्याच कुशीत शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले, सात स्वयंचलित दरवाजांचे राधानगरी धरण आहे. आम्ही तिथून जाताना अंधारून येत होते आणि लवकर घरी पोहोचण्याची सर्वांनाच ओढ होती, त्यामुळे थांबण्याचा आग्रह मीही धरला नाही.

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतला पन्हाळा कोल्हापूरपासून तासाभराच्या आत आहे आणि विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या सहलीच्या वाटेवरच आहेत. म्हणजे बारांपैकी तीन किल्ले कोल्हापूरहून एकाच सहलीत दाखवता येतील. भोज राजाचा पन्हाळा पाहून, तिथल्या अंबरखान्यात धान्य कसे साठवत आणि अंधारबावीत पाण्याचे रक्षण कसे करत ते समजून घेऊन, मग घाट उतरून त्याच राजाच्या नावाशी जोडलेला विजयदुर्ग आणि शेवटी महाराजांनी समुद्रात उभारलेला सिंधुदुर्ग पाहिला, तर डोंगरी किल्ल्यापासून जलदुर्गापर्यंतचा सगळा विचार एका ओळीत डोळ्यांसमोर येतो. त्यासाठी एक मुक्काम वाढवावा लागेल आणि आकारही वाढेल. सहल संस्थेकडे मी ही सूचना लेखी दिली आहे. त्यांनी ती आस्थेने ऐकून घेतली आणि नाताळच्या सुट्टीत असा एक गट काढण्याचा विचार करू, असे सांगितले.

ज्यांना मुलांसह समुद्रावर निवांत दोन दिवस घालवायचे आहेत, चांगले मासे खायचे आहेत आणि गाडी-मुक्कामाची काळजी दुसऱ्यावर सोपवायची आहे, त्यांनी ही सहल निःशंकपणे घ्यावी. किल्ले मन लावून पाहायचे असतील तर पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : सिंधुदुर्गावर किमान अडीच-तीन तास मिळणार का, विजयदुर्ग सकाळच्या उन्हात होणार की भर दुपारी आणि मार्गदर्शक पूर्ण वेळासाठी घेतला आहे का. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी सिंधुदुर्गाला बोटीतून उतरताना हात द्यायला माणूस आहे ना, याची चौकशी करावी. पायऱ्यांचा दगड ओला आणि शेवाळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. आंब्यांसाठी मे महिन्यात जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्र खवळलेला असल्याने किल्ल्याच्या बोटी आणि जलक्रीडा बंद असतात; त्या सुमाराची तारीख घेत असाल, तर बोट न सुटल्यास तिचे पैसे परत मिळतील, ही अट पावतीवर लिहून घ्यावी.